प्रायमरीचं बंद दार

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकेत मतदान नोव्हेंबरमध्ये होतं, पण तिथल्या कितीतरी मतदारसंघांत खरा निकाल काही महिने आधीच, प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाच्या फेरीत, लागलेला असतो. जिथे एकाच पक्षाचं वर्चस्व आहे, तिथे त्या पक्षाचा उमेदवार ठरला की लोकप्रतिनिधीच ठरला. आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात, तिथे ते मतदार देतात, आणि हे मला मनापासून आवडतं. पण फ्लोरिडा, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क अशा राज्यांत ज्यानं कोणत्याच पक्षात नाव नोंदवलेलं नाही, त्याला या फेरीत मतच नाही. निवडणूक होते सरकारी पैशानं, म्हणजे त्याच्याही करातून. हा उघड अन्याय आहे.

तो दूर करायला लोक थेट सार्वमताकडे वळले. फ्लोरिडात २०२० साली सुमारे ५७ टक्के लोकांनी खुल्या प्रायमरीला, म्हणजे पक्ष न नोंदवलेल्यांनाही मत देता येईल अशा फेरीला, होकार दिला. तरी प्रस्ताव पडला, कारण तिथे घटनादुरुस्तीला ६० टक्के मतं लागतात!

त्याच वर्षी अलास्कानं मात्र नवी पद्धत स्वीकारली, तीही अगदी काठावर. आता तिथे सर्व पक्षांचे उमेदवार एकाच प्रायमरीत उतरतात, पहिले चार पुढे जातात आणि नोव्हेंबरमध्ये मतदार त्यांना पसंतीक्रम देतात, आपल्या पदवीधर मतदारसंघात देतात तसा. याच पद्धतीनं २०२२ मध्ये डेमोक्रॅट मेरी पेल्टोला काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, निवडून गेल्या आणि २०२४ मध्ये रिपब्लिकन निक बेगिच यांनी त्यांना हरवलं. तेव्हा ही पद्धत एका पक्षाच्या सोयीची आहे, हा आरोप मला पटत नाही. २०२४ मध्ये ती रद्द करण्याचा प्रस्तावही आला होता. तो साडेसातशेहून कमी मतांच्या फरकानं फेटाळला गेला.

बाकी राज्यांत मात्र २०२४ हे वर्ष सुधारकांना जड गेलं. नेवाडात अशा घटनादुरुस्तीला लागोपाठ दोन सार्वत्रिक निवडणुकांत होकार लागतो. २०२२ मध्ये तो मिळाला, दुसऱ्या खेपेला नकार आला. कोलोरॅडो आणि आयडाहोतही नकारच. या तिन्ही ठिकाणी खुली प्रायमरी आणि पसंतीक्रम एकाच प्रश्नात बांधले होते. ज्याला पहिलं हवं आणि दुसऱ्याची धास्ती वाटते, त्यानं काय करावं? माझ्या मते हे दोन प्रश्न वेगळे विचारायला हवेत. तेवढ्यानं विजय मिळेलच असं नाही. साउथ डकोटात पसंतीक्रमाचा विषयच नव्हता, तरी सुमारे दोनतृतीयांश मतदारांनी नाही म्हटलं. पण मतदाराला निदान एका वेळी एकाच गोष्टीचा निर्णय घेता येतो.

अमेरिकेतल्या मतदार असलेल्या मराठी श्रोत्यांना एक कळकळीची विनंती. आपल्या राज्याचा नियम आजच पाहून घ्या. न्यू जर्सीत पक्ष न नोंदवलेल्या मतदाराला प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर पक्ष सांगून मत देता येतं. न्यूयॉर्कमध्ये मात्र जूनच्या प्रायमरीसाठी पक्ष बदलायची मुदत फेब्रुवारीतच संपते.