प्लेअर काढला आणि चेहरा ओळखेना

पडद्यावर एवढीच सूचना आहे: एमएफप्लॅट डॉट डीएलएल ही फाइल सापडत नाही. गेम धड आहे, ग्राफिक्स कार्डही ठणठणीत आहे. तरी गेम उघडत नाही, कारण या विंडोजच्या नावापुढे एक अक्षर आहे. 'एन'.

हे अक्षर आलं एका निकालातून. २४ मार्च २००४ रोजी युरोपियन कमिशनने मायक्रोसॉफ्टला ४९ कोटी ७० लाख युरोंचा दंड ठोठावला. एक आक्षेप असा होता की मीडिया प्लेअर विंडोजबरोबर आपोआप घरोघर पोहोचतो, मग बाकीच्या प्लेअरनी टिकायचं कसं? प्लेअरशिवायची विंडोजही विका, असा आदेश निघाला. मायक्रोसॉफ्टने तिला 'रिड्यूस्ड मीडिया एडिशन' म्हणायचं ठरवलं होतं. कमिशनने ते नाव नाकारलं आणि २००५ मध्ये 'एक्सपी एन' आली. किंमत पूर्ण आवृत्तीइतकीच. तेवढ्याच पैशांत कमी सामान कोण घेणार? फारसं कुणी घेतलं नाही.

आक्षेप मला आजही रास्त वाटतो. पण प्लेअर म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न तिथे संपत नाही. आपल्याला दिसते ती खिडकी आणि तिच्यातली बटणं. खरं काम तिच्या खाली चालतं: दाबून लहान केलेला आवाज आणि चित्र उलगडणं, कॅमेऱ्यातून येणारी दृश्यं पुढे पोहोचवणं. विंडोजमध्ये हे काम आता मीडिया फाउंडेशन करतं (सुरुवातीची न सापडणारी फाइल त्याचीच), आणि इतर प्रोग्रॅम ते आहेच असं धरून चालतात. म्हणून विंडोज १० च्या एन आवृत्तीत चेहरा ओळखून आत घेणारं 'विंडोज हॅलो'सुद्धा अडतं. गाणी वाजवणारा प्लेअर काढला, आणि संगणक मालकाला ओळखेनासा झाला! मग 'मीडिया फीचर पॅक' उतरवून काढलेलं सगळं परत बसवायचं.

तरीही काढण्याची इच्छा चुकीची नाही. डिसेंबर २००५ ची घटना आठवा. डब्ल्यूएमएफ या चित्रप्रकारात रेखाटनाच्या आज्ञा साठवलेल्या असतात. त्यातल्या एका आज्ञेने, छपाई रद्द झाली तर काय चालवायचं, तो कोडच फाइलमधून देता येत होता. नुसतं चित्र पाहिलं तरी संगणक परक्याच्या हाती जायचा. दुरुस्ती आली ५ जानेवारी २००६ ला. ज्या सर्व्हरवर कुणी कधी चित्र पाहणार नाही, त्यानेही हा धोका का बाळगावा?

विंडोज सर्व्हर २००८ मध्ये 'सर्व्हर कोअर' हा कमी सामानाचा पर्याय आला. स्टार्ट मेनू नाही, टास्कबार नाही, एक्सप्लोरर नाही, मीडिया प्लेअरही नाही. लॉगिन केलं की रिकाम्या पडद्यावर कमांडची एक चौकट उघडते. तिच्यात 'नोटपॅड' टाइप करून एंटर दाबा.

नोटपॅड उघडतं. मेनू, स्क्रोलबार, बंद करायची फुली, सगळं जागच्या जागी.