रेकॉर्ड प्लेअर रडतोय? सुई बदलण्याआधी शंभर मोजा

नमस्कार मंडळी! हा पाहा, सुटकेससारखा मिटणारा रेकॉर्ड प्लेअर. आपल्या नागपूरच्या महाल भागातल्या एका काकूंनी आणून दिला. तक्रार काय, तर "गाणारी बाई रडून राहिली." कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी सुईही बदलली. बाई रडतेच आहे.

तर सुई राहू द्या, आधी वेग मोजू. एलपी, म्हणजे नेहमीची मोठी रेकॉर्ड, मिनिटाला 33⅓ फेरे घेते, म्हणजे 3 मिनिटांत बरोबर 100. रेकॉर्डखाली कागदाची चिमुकली पट्टी खोचा, टोक बाहेर दिसेल आणि कुठे अडकणार नाही एवढीच. मोबाइलवर 3 मिनिटं लावा आणि मोजा. सुई टेकवूनच मोजायचं, बरं का! रिकामी तबकडी ऐटीत फिरते, खरी परीक्षा सुईचा भार आल्यावर.

आपले भरले 94. पेटीवाल्यांना लगेच कळेल: पांढरी पाचचं गाणं काळी तीनमध्ये, म्हणजे अर्धा स्वर खाली उतरलं. रडणार नाही तर काय!

आता प्लग काढा. स्विच बंद करून भागत नाही, आत 230 व्होल्ट आहेत. रबरी मॅट उचलली, तबकडी काढली. मधल्या दांड्यावर बारीक क्लिप असेल तर आधी ती काढा, आणि वाटीत ठेवा. माझी एकदा सोफ्याखाली गेली ती गेलीच.

हा बेल्ट, मोटर याच्यानेच तबकडी फिरवते. वर्षानुवर्षं पुलीवर ताणलेला, वरून टिनाच्या छपराखालचा माळा आणि आपला मे महिना. रबर सैल पडणारच. काही जण बेल्ट उकळत्या पाण्यात टाकतात. आकसतो, पण थोडे दिवस. नवाच घ्या. मी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, चार दुकानं फिरलो, सगळ्यांनी कॅसेट प्लेअरचेच बेल्ट काढले, शेवटी ऑनलाइन मागवला. जुना बेल्ट दुमडून सपाट ठेवा, लांबी मोजा, दुप्पट करा. नवा त्याहून किंचित लहान हवा, कारण जुना ताणलेला आहे.

तुमच्यात बेल्टऐवजी रबरी चाक निघालं तर ते कडक होऊन गुळगुळीत झालेलं असतं. कडेवरून बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवा, पुसून घ्या.

मधल्या दांड्याचं जुनं, चिकट झालेलं वंगण आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा आणि शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब टाका. खोबरेल नको! डिसेंबरात ते बाटलीत गोठतं, तिथे काय वेगळं होणार? आणि बेल्टवर तेल उडालं तर सगळी मेहनत पाण्यात. हेच अल्कोहोल मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या रेकॉर्डला मात्र लावू नका, लाख विरघळते.

पुन्हा मोजलं. शंभर! काकूंना फोनवर ऐकवलं, तर म्हणतात, "अन् ती गुणगुण?"

हो, मागे घुंऽऽ आहे. टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीच्या, धातूला बोट लावलं की कमी होते, म्हणजे अर्थिंगची गडबड. वेगळा अॅम्प्लिफायर असेल तर प्लेअरची बारीक अर्थ वायर त्याच्या स्क्रूला घट्ट बसवा. इथे सगळं एकाच पेटीत आहे, म्हणून आतली तुटलेली वायर जोडली. तरी थोडी उरली. मग लक्षात आलं, बाजूलाच कुलर चालू आहे. बंद केला, गुणगुण गायब.

पण नागपुरात मे महिन्यात कुलर बंद करून गाणं ऐकणार कोण? प्लेअरच दुसऱ्या भिंतीच्या प्लगवर नेला.