दिसत नाही ते दाखवायचं कसं?

नमस्कार श्रोतेहो. ‘संजय गांधी’ निराधार योजनेचे पैसे म्हटलं की आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. दिव्यांगांना आता महिन्याला २५०० रुपये. त्यासाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के लागतं. किमान ४० टक्के, ध्यानात ठेवा. पाय अधू असला तर डॉक्टरांना दिसतो. आपल्या विदर्भातला सिकलसेल, हा रक्ताचा आजार, दिसत नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत तो आहे, तरी गाव म्हणते, ‘पोट्टा तं चांगला धडधाकट हाये!’

नागभीडकडच्या एका मावशींचं सांगतो. पोरगा विशीतला, सिकलसेलचा. धानाच्या रोवणीत दिवसभर भिजला की रात्री सांधे असे दुखायचे की घर जागं. दिव्यांग दाखल्याच्या तपासणीच्या दिवशी बापानं खिशातून एकच चिठ्ठी काढली, सोल्युबिलिटी या प्राथमिक रक्तचाचणीची, पॉझिटिव्ह. डॉक्टर म्हणाले, ‘यावरून वाहक की रुग्ण ते कळत नाही. ते सांगणाऱ्या एचपीएलसी रक्तचाचणीचा रिपोर्ट आहे?’ बाप गप्प. मावशींनी पिशवीतून डालड्याचा जुना डबा काढला. त्यात एचपीएलसी, त्यावर ‘एसएस’, म्हणजे रुग्ण, असं लिहिलेलं. शिवाय प्रत्येक भरतीचं डिस्चार्ज कार्ड, रक्त चढवल्याच्या चिठ्ठ्या, सारं तारखेवार, सुतळीनं बांधलेलं. मावशींना अक्षरओळख नाही. डॉक्टरांनी विचारलं, ‘मग तारखा कशा लावल्या?’

‘त्यात काय हाये साहेब? नवा कागद वरतं ठेवाचा. खालचा जुना.’

डॉक्टरांनी गठ्ठा उलटा केला आणि पहिल्या भरतीपासून वाचत आले. टक्के चाळिसाच्या वर लागले.

हो, आणि कागद लॅमिनेट करू नका बाप्पा! आजकाल लोक रेशनकार्डापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं प्लास्टिकात कोंबतात. तहसीलसमोर ‘काम करून देतो’ म्हणणाऱ्या दलालांना तर चहासुद्धा पाजू नका.

नुसता आजार आहे म्हणून टक्के मिळत नाहीत. भरती किती वेळा, रक्त किती वेळा, हे पाहतात. म्हणून पुन्हा सांगतो, एचपीएलसी आणि डिस्चार्ज कार्डं. एचपीएलसी आणि डिस्चार्ज कार्डं. रिपोर्टवर ‘एएस’ असेल तर माणूस नुसता वाहक, रुग्ण नाही, त्याला हा दाखला नाही.

दाखल्याचा अर्ज यूडीआयडी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या, पोर्टलवर, तपासणी सरकारी दवाखान्यात, मग ‘संजय गांधी’साठी तहसील. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ५०,००० च्या आत हवं. दाखला तात्पुरता असेल तर त्यावर मुदत छापलेली असते, ती संपायच्या आधी फेरतपासणीला जा.