पिट्सबर्गची बेसबॉल मैदानं

नमस्कार, श्रोतेहो.

4 जुलै 1902. अमेरिकेतल्या पिट्सबर्गजवळ, अ‍ॅलेगेनी नदीच्या काठावर एक्स्पोझिशन पार्क हे बेसबॉलचं मैदान होतं. नदी चढली होती आणि मैदानाच्या मागच्या भागात पाणी साचलं होतं. पण राष्ट्रीय सुट्टीचा दिवस, माणसं जमलेली, खेळ रद्द कसा करायचा? मग नियम ठरला: चेंडू पाण्यात पडला, तर फलंदाजाने पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या टप्प्यावर, थांबायचं. त्या दिवशी दोन सामने झाले आणि दोन्ही यजमान पायरेट्स संघाने जिंकले. पुढच्याच वर्षी पहिल्या आधुनिक वर्ल्ड सीरिजचे, म्हणजे विजेतेपदाच्या मालिकेचे, चार सामनेही याच मैदानावर झाले.

संघाचे मालक बार्नी ड्रेफस यांनी मात्र नदीकाठ सोडायचं ठरवलं. गावापासून लांब, ओकलंड भागात त्यांनी जागा घेतली. इतक्या लांब कोण येणार, म्हणून लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. 30 जून 1909 रोजी तिथे फोर्ब्ज फील्ड उघडलं. लाकडी स्टँडला सहज आग लागायची; इथे सगळं बांधकाम पोलादाचं आणि काँक्रीटचं होतं. सीमारेषा इतक्या दूर, की सरावाचा जाळीचा पिंजरा सामना चालू असतानाही मैदानातच एका कोपऱ्यात उभा असायचा!

तुम्ही आत्ता माझं बोलणं ज्या माध्यमातून ऐकताय, त्याच्या इतिहासातही या मैदानाला मानाचं पान आहे. 5 ऑगस्ट 1921 रोजी केडीकेए या रेडिओ केंद्राने इथून पायरेट्स आणि फिलाडेल्फियाचा फिलीज संघ यांचा सामना प्रसारित केला. रेडिओवरून ऐकवलेला हा व्यावसायिक बेसबॉलचा पहिला सामना. हॅरल्ड आर्लिन नावाचा तरुण निवेदक बोलत होता.

आणि मग 13 ऑक्टोबर 1960. वर्ल्ड सीरिजचा सातवा, निर्णायक सामना. समोर न्यूयॉर्कचे बलाढ्य यँकीज. शेवटच्या डावात 9-9 अशी बरोबरी, आणि बिल मॅझरोस्की यांनी चेंडू थेट भिंतीपार मारला. पिट्सबर्ग 10-9 ने जिंकलं. 1970 मध्ये फोर्ब्ज फील्ड बंद झालं, नंतर पाडलं गेलं. आज तिथे पिट्सबर्ग विद्यापीठाच्या इमारती आहेत. पण बाहेरच्या भिंतीचा एक तुकडा अजून उभा आहे, आणि दर 13 ऑक्टोबरला लोक त्या भिंतीपाशी जमून 1960 चं रेडिओ समालोचन पुन्हा ऐकतात. निकाल सगळ्यांना पाठ असतो, तरी चेंडू भिंतीपार गेला की आनंदाने ओरडतात. आवाजावर आणि खेळावर असं प्रेम करणाऱ्या या लोकांबद्दल मला फार आपुलकी वाटते.

त्यानंतर आलं थ्री रिव्हर्स स्टेडियम: गोल, कृत्रिम गवताचं, अमेरिकन फुटबॉललाही चालेल असं. त्या काळात अनेक शहरांनी अशीच स्टेडियमं बांधली, त्यामुळे आत बसल्यावर आपण कुठल्या गावात आहोत हेच कळत नसे. 30 वर्षांत ते संपलं. 2001 मध्ये उघडलेलं पीएनसी पार्क पुन्हा त्याच नदीकाठी, एक्स्पोझिशन पार्कच्या जागेजवळ आहे. तिथली उजवीकडची भिंत 21 फूट उंच आहे, कारण पोर्तो रिकोहून आलेले लाडके खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटे 21 क्रमांकाची जर्सी घालायचे. 1972 च्या शेवटच्या रात्री, निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

एक मैदान मात्र मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगमध्ये, तेव्हा कृष्णवर्णीय खेळाडूंना मज्जाव होता, त्यामुळे त्यांच्या वेगळ्या लीग होत्या. 1932 मध्ये पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्ट भागातल्या बेडफर्ड अ‍ॅव्हेन्यूवर गस ग्रीनली या कृष्णवर्णीय मालकाने आपल्या क्रॉफर्ड्स संघासाठी स्वतःचं मैदान बांधलं. आपल्याकडच्या मटक्यासारखा आकड्यांचा धंदा हे त्याच्या कमाईचं साधन. पण त्या पैशातून ग्रीनली फील्ड उभं राहिलं, आणि तिथे सॅचेल पेज गोलंदाजी करायचे, जॉश गिब्सन फलंदाजी करायचे. सहा वर्षांत मैदान पाडून तिथे सरकारी घरं बांधली गेली. घरांची गरज खरीच होती. तरी त्यासाठी नेमकं हेच मैदान जावं, हे मला आजही खुपतं.

गिब्सन जानेवारी 1947 मध्ये, वयाच्या 35 व्या वर्षी वारले. त्यानंतर तीनच महिन्यांनी जॅकी रॉबिन्सन हे कृष्णवर्णीय खेळाडू मोठ्या लीगच्या मैदानात उतरले आणि तो मज्जाव मोडला. कृष्णवर्णीयांच्या लीगचे आकडे मेजर लीगच्या अधिकृत नोंदींत यायला 2024 साल उजाडलं. आज संपूर्ण कारकिर्दीतल्या फलंदाजीच्या सरासरीच्या यादीत सगळ्यात वरचं नाव जॉश गिब्सन यांचं आहे: .372, म्हणजे दर हजार संधींमागे 372 यशस्वी फटके.