टाचेखालचे तीस मिलिमीटर

[दृश्य: टाचेपासून बोटांपर्यंत उभा चिरलेला धावण्याचा बूट.]

वरची जाळी, लेस, रंग हे सगळं क्षणभर बाजूला ठेवू. बघायचंय ते खाली. जमिनीला टेकतं ते 2 ते 4 मिलिमीटर जाडीचं रबर, म्हणजे आउटसोल. त्यावरचा जाड फोम म्हणजे मिडसोल. आणि पायाला लागते ती सुटी गादी, इनसोल. बूट घेताना लोक आत हात घालून अंगठ्यानं दाबून बघतात ती ही गादीच. तिच्यावरून बुटाबद्दल फारसं काही कळत नाही.

[दृश्य: संथ गतीत टाच जमिनीला टेकते, मिडसोल दबतो.]

70 किलो वजनाचा माणूस बेताच्या वेगानं धावत असेल, तर प्रत्येक पावलाला वजनाच्या साधारण अडीचपट, म्हणजे 175 किलोच्या आसपास भार पडतो. पाऊल जमिनीवर असतं जेमतेम पाव सेकंद. टाच आधी टेकवणाऱ्याला पहिला हादरा तर 50 मिलिसेकंदांच्या आतच बसून जातो. तेवढ्यात स्नायूंनी सावरायचं म्हटलं तरी वेळ नसतो. म्हणून फोम मऊ हवा. पण किती?

[दृश्य: चाचणीयंत्र. बुटाच्या टाचेवर वजन आदळतं.]

या चाचणीत 8.5 किलोचं वजन 5 सेंटिमीटरवरून टाचेच्या जागी सोडतात. त्याचं टोक सपाट, 45 मिलिमीटर व्यासाचं. वजन थांबताना किती ‘जी’चा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट धक्का बसला ते मोजायचं. फोम मऊ करत गेलं की आकडा उतरत जातो, आणि मग अचानक उसळी घेतो. कारण फोम म्हणजे हवेचे बारीक बंद कप्पे. साधारण 60-70 टक्के दबला की कप्पे मिटतात, भिंतीला भिंत भिडते आणि तो दगडासारखा वागू लागतो. याला तळ लागणं म्हणायचं. पातळ पण फार मऊ सोल मध्यम कडक सोलपेक्षा जास्त हादरा देतो, तो यामुळे. मऊपणा हवा असेल तर जाडीही द्यावी लागते.

आणि जाडी दिली की पाऊल डुगडुगू लागतं.

[दृश्य: मागून टाच, पाऊल आत कलताना.]

फोम सगळीकडे सारखा दबत नाही. 60 मिलिमीटर रुंद टाचेखाली आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा 4 मिलिमीटर जास्त दबली, की पाऊल जवळजवळ 4 अंश कलतं. 6 मिलिमीटर दबली तर पावणेसहा अंश. घोटा, नडगी, गुडघा सगळे त्याच्यामागे वळतात.

यावरचा जुना तोडगा म्हणजे आतल्या बाजूला कडक फोमचा तुकडा बसवणं. मुख्य फोम आस्कर सी या कडकपणाच्या मापावर 45 असेल, तर हा 55. उपाय चालतो, पण दोन फोम एकाच वेगानं थकत नाहीत. मऊ भाग आधी बसतो, कडक तुकडा उंच राहतो, आणि आत कलणारं पाऊल थोपवायला बसवलेली ही पाचर मग त्याला बाहेर ढकलू लागते.

त्यापेक्षा आकारावर भर दिलेला बरा. तळ पावलापेक्षा रुंद ठेवायचा, फोमच्या कडा वर उचलायच्या, आणि पाऊल फोमवर ठेवण्याऐवजी 8-10 मिलिमीटर फोमच्या आत बसवायचं.

आता टाचेचा बाहेरचा कोपरा नीट बघा. कागदावर तो जितका बाहेर काढावा तितका बूट भक्कम वाटतो. पण टाच टेकते ती बहुतेकदा याच कोपऱ्यावर. कोपरा घोट्याच्या सांध्यापासून जितका लांब, तितकी जमिनीच्या रेट्याला तरफ मोठी मिळते आणि पाऊल तितक्या झपाट्यानं आत लोळतं. म्हणून हा कोपरा तिरपा छाटतात किंवा तिथला फोम मऊ ठेवतात. रुंदी वाढवायची ती आतल्या बाजूला. बास्केटबॉलच्या बुटात मात्र खेळाडू बाजूला झेप घेऊन थांबतो, तिथे चवड्याची बाहेरची कड आणखी बाहेर काढावीच लागते. नाहीतर घोटा मुरगळलाच.

[दृश्य: तीन प्रकारच्या फोमचे तुकडे शेजारी शेजारी.]

फोमची जातही महत्त्वाची. शर्यतीच्या तीन बुटांची एकदा तुलना झाली. ईव्हीए या नेहमीच्या प्लास्टिक फोमच्या बुटानं दाबताना घेतलेल्या ऊर्जेपैकी सुमारे 65 टक्के परत दिली, टीपीयू या रबरासारख्या प्लास्टिकच्या मण्यांच्या बुटानं 76, तर पेबा या हलक्या, उसळत्या प्लास्टिकच्या फोमच्या बुटानं 87. पेबाचा बूट दबलाही दुप्पट, सुमारे 12 मिलिमीटर. एवढं दबणारं काही सावरायला आत कार्बनची पट्टी आणि रुंद तळ लागतो. रस्त्यावरच्या शर्यतीत सोलची जाडी 40 मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. ट्रॅकवर नोव्हेंबर 2024 पासून मर्यादा 20 आहे.

वाकण्याच्या खाचा चवड्याच्या हाडांखाली, त्याही तिरप्या हव्यात, कारण अंगठ्याचा सांधा करंगळीच्या सांध्यापेक्षा पुढे असतो. खाच मागे सरकली की बूट कमानीखाली मोडतो. फार खोल गेली की तिथूनच फोम चिरतो.

कारखान्यातल्या चुका बहुधा दोनच. साचा पुरेसा थंड न करता मिडसोल बाहेर काढला की माप बदलतं, जोडीतले दोन बूट जुळत नाहीत. आणि साच्याचं तेलकट लेपण पुसलं नाही, की चिकटवणी फोमला धरतच नाही, रबर पत्र्यासारखं सुटून येतं.

[दृश्य: वापरलेली जोडी टेबलावर, मागून.]

वापरलेला बूट तपासायचा तर सपाट टेबलावर ठेवून मागून बघा. टाचेमागची उभी शिवण एका बाजूला झुकली असेल, किंवा फोमच्या भिंतीवरच्या आडव्या सुरकुत्या पाय काढल्यावरही तशाच राहत असतील, तर मिडसोल बसला आहे, खालची रबराची नक्षी कितीही नवी दिसो.