थट्टा, फ्लर्टिंग आणि ‘वहिनी आली बे!’

हिवाळ्यातली सकाळ. नागपुरात पोह्यांच्या ठेल्याभोवती कॉलेजच्या पोरापोरींचं कोंडाळं जमलंय. पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री पडते. एक मुलगी प्लेट पुन्हा पुढे करते, तसा मित्र म्हणतो, “भाऊ, हिला पोहे राहू द्या, नुसती तर्रीच द्या!” तीही सोडत नाही. “अन् याला आधी पाणी द्या. काल तर्री खाऊन रडत होता.” हशा पिकतो. सगळ्यात मोठ्यानं तोच हसतो.

ही थट्टा. चारचौघांत रंगणारी, आणि जिची खेचली तिलाही उलटून बोलायची पूर्ण मुभा असलेली.

गर्दी पांगल्यावर तोच मुलगा आवाज खाली आणून विचारतो, “संध्याकाळी फुटाळा तलावावर येतेस? दोघंच जाऊ.” इथून फ्लर्टिंग सुरू झालं. याला प्रेक्षक नकोत. शिवाय नकार येऊ शकतो, तो ऐकायची तयारी ठेवूनच त्यानं विचारलंय. मला यातलं धाडस आवडतं.

कधी थट्टेच्या आडूनच मनातलं बोललं जातं, मग गोंधळ होतो. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी अनोळखी स्त्री-पुरुषांना जोडीनं गप्पा मारायला बसवलं. समोरचा फ्लर्ट करत नाही, हे बहुतेकांनी बरोबर ओळखलं. करत होता तेव्हा मात्र बहुतेकांच्या ते लक्षातच आलं नाही. असा गैरसमज कुणाचाही होईल. विचारलं की मिटतो.

टोळक्याचं तसं नाही. एखादी मुलगी कॉलेजच्या गेटातून आत आली की कुणीतरी ओरडतं, “वहिनी आली बे!” ज्याच्या नावानं चिडवतात, त्यानं तिला कधी काही विचारलेलं नाही. तिनं होकार दिलेला नाही. टोळकं खिदळतं, ती ओढणी सावरत झपाझप निघून जाते. दुसऱ्या दिवशी मागच्या गेटानं येते. ही सरळसरळ छेडछाड आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ७८ पाठलागाचं आहे. स्त्रीनं स्पष्ट नापसंती दाखवूनही पुरुष वारंवार मागे लागला, संपर्क करत राहिला, तर पहिल्या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. पुन्हा केल्यास ५ वर्षांपर्यंत. मदतीसाठी ११२ हा फोन नंबर आहे.

पण त्या टोळक्यात तुम्ही उभे असाल, तर पोलिसांची वाट कशाला पाहायची? “बस कर बे, तिला नाही आवडत,” हे तिथल्या तिथे, सगळ्यांना ऐकू जाईल असं तुम्हीच म्हणा.