एका बीतून तीन कोंब: बारावीच्या बायोलॉजीच्या तयारीबद्दल

नमस्कार मंडळी, आणि खास नमस्कार त्या पोरापोरींना ज्यांची यंदा बारावी सायन्स आहे. तुमच्यातले काही जण आता वावरातच असतील, ओलिताला रात्रीचीच लाईन असते ना, बाबासोबत गव्हाला नाहीतर हरभऱ्याला पाणी द्यायला गेले असाल आणि धुऱ्यावर बसून हे ऐकत असाल. काही जणी चुलीपाशी असाल. कुठंही असा, थोडा वेळ कान इकडे द्या. जानेवारी लागला, फेब्रुवारीत पेपर, आणि मी तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवते त्यामुळे या दिवसांत रोज एकच वाक्य ऐकते, "मॅडम, वाचतो पण लक्षातच राहत नाही." आज त्याच्यावरच बोलणार आहे.

माझं स्वतःचं सांगते. दहावीपर्यंत मी गावच्या मराठी शाळेत. अकरावीला सायन्स घेतलं, सगळं इंग्रजीत, आणि पहिल्याच महिन्यात ओव्हरी, ओव्ह्यूल आणि ओव्हम असे तीन शब्द एकाच तासाला येऊन आदळले. तिन्ही ओ पासून सुरू होणारे, तिन्ही फुलाच्या पोटातले, शिकवणारे भराभर पुढे गेले आणि मी तिघांच्या जागा उलट्यापालट्या लिहून घेतल्या, युनिट टेस्टलाही तसंच लिहून आले. पंचवीसपैकी सहा मार्क. घरी कोणाला सांगितलं नाही, रात्री शाळेतलं जुनं मराठी पुस्तक काढलं, तर तिथे लिहिलं होतं अंडाशय, बीजांड आणि अंडपेशी. बीजांड! म्हणजे ज्याचं पुढे बी होते ते. शब्दातच सगळं सांगून ठेवलं होतं आणि मी तो इंग्रजीत रट्टा मारून पाठ करत होते.

दुसऱ्या दिवशी तुरीची ओली शेंग सोलली. तुम्ही पण सोला, आता वावरात आहेतच. वरचं साल म्हणजे अंडाशयाची भिंत, ओव्हरीची. आतले दाणे म्हणजे एकेकाळची बीजांडं, ओव्ह्यूल. दाणा शेंगेला ज्या बारीकशा देठाने चिकटून असतो ना, तो देठ म्हणजे फ्युनिकल, पुस्तकातल्या आकृतीत तो नेहमी दाखवलेला असतो आणि पोरं हमखास विसरतात. आणि दाणा दोन डाळींत फोडला का टोकाशी जो इवलासा कोंब दिसतो, तो त्या एका अंडपेशीपासून झाला, म्हणजे ओव्हमपासून. आज इतकी वर्षं झाली, हे तीन शब्द माझे पुन्हा कधी चुकले नाहीत.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे आहे का पहिले मराठीत समजून घ्या, मग इंग्रजीत लिहा. एक साधी वही करा, एका बाजूला इंग्रजी शब्द, त्याच्यासमोर मराठी, आणि तिसऱ्या रकान्यात आपल्या घरातली नाहीतर वावरातली वस्तू. स्टिग्मा, कुक्षी, मक्याच्या कणसाचे केस. तिसरा रकाना प्रत्येक शब्दाला सापडत नाही, लॅक ऑपेरॉनला, म्हणजे जिवाणूतल्या जीनच्या गटाला, कुठून सापडणार, तिथे रिकामा ठेवा, पण जिथे सापडते तिथे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि रोज त्यातले दहा शब्द न पाहता लिहा, स्पेलिंगसकट. उत्तर लिहिताना लांबलचक इंग्रजी वाक्यं बनवायच्या भानगडीत पडू नका, एका वाक्यात एकच गोष्ट लिहा. तुमची इंग्रजी भारी आहे का नाही हे तपासणारा पाहत नाही, मुद्दा आणि नेमका शब्द आला का ते पाहतो.

आता माझ्या मायची गोष्ट सांगते. आमच्याकडे वरूडच्या पट्ट्यात संत्र्याच्या नर्सऱ्या पुष्कळ, माय तिथे रोजाने जायची. जंबेरीच्या, म्हणजे खुंटासाठी लावतात त्या आंबट लिंबाच्या बिया वाफ्यात टाकायच्या, रोपं मोठी झाली का त्याच्यावर नागपुरी संत्र्याचा डोळा बांधायचा, हे काम तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. मी बारावीला असताना एकदा पॉलिएम्ब्रियोनी, पॉलिएम्ब्रियोनी असं मोठ्याने पाठ करत होते, तर माय भाकर थापता थापता म्हणाली, काय म्हणून राहिली व हे? मी म्हटलं, एका बीमधून एकापेक्षा जास्त रोपं निघतात, त्याचं नाव आहे. तर ती म्हणते, "हे तं आमच्या जंबेरीत रोजचंच आहे माय, एका बीतून दोन दोन, तीन तीन कोंब निघतात, त्यातला जो वेगळा दिसते तो उपटून फेकाचा, सारखे सारखे ठेवाचे." मी विचारलं, काऊन फेकायचा? तर म्हणे, "मालक सांगते, त्याचा भरवसा नाही."

मी तशीच उठून पुस्तक उघडलं आणि मायला वाचून, मराठीत करून सांगितलं. बीजांडाच्या आत न्यूसेलस नावाचा भाग असतो, तो सगळा आईझाडाच्याच पेशींचा. त्या पेशींपासून जे कोंब निघतात ते आईझाडाची हुबेहूब नक्कल, बापाचा त्यात काही वाटा नाही, म्हणून ते सारखे. आणि जो परागकणाशी संयोग होऊन झाला, त्यात अर्धं आईचं अर्धं बापाचं, म्हणून तो वेगळा निघतो. नर्सरीवाल्याला सगळे खुंट एकसारखे पाहिजेत, म्हणून तो वेगळा उपटतात. माय काम थांबवून ऐकत होती, मग म्हणाली, म्हणजे आम्ही बराबर करत होतो. संत्र्याच्या बियांतली ही गोष्ट हॉलंडच्या लेव्हेनहूक या शास्त्रज्ञाने 1719 साली पाहिली होती, आणि माझी माय, जी दुसरीपर्यंत शिकली, ती रोज ते निवडायचं काम हातांनी करत होती! मला त्या दिवसापासून बायोलॉजीची भीती वाटली नाही.

तुम्हाला हे आज रात्रीच पाहता येते. संत्र्याची नाहीतर जंबेरीची बी पाण्यात भिजत टाका, सकाळी वरचं पांढरं टरफल आणि त्याच्या आतली पातळ साल नखाने काढा, आणि आतला गर सुईने हळूच मोकळा करा. बऱ्याच बियांत दोन, तीन, कधी त्याहून जास्त गर्भ सुटे होतात, लहानमोठे, एकमेकांना चिकटून बसलेले. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं का पॉलिएम्ब्रियोनीवरचा दोन मार्कांचा प्रश्न कुठेच जात नाही.

असाच दुसरा अवघड वाटणारा भाग म्हणजे फुलातलं डबल फर्टिलायझेशन, दुहेरी फलन, नावाशीन या शास्त्रज्ञाने 1898 मध्ये शोधलेला. परागनलिकेतून दोन पुंयुग्मक, म्हणजे बापाकडच्या पेशी, येतात, एक अंडपेशीला मिळतो, त्याचा गर्भ होतो, तो टू एन, म्हणजे गुणसूत्रांचे दोन संच. दुसरा मधल्या दोन पोलर न्यूक्लिअसना, म्हणजे केंद्रकांना मिळतो, त्याचा एंडोस्पर्म, गर्भाचं अन्न होते, तो थ्री एन, तीन संच. आता हुरड्याचा दाणा दाबून पाहा, जे दूध निघते ना, तो एंडोस्पर्म. दाणा वाळला का तोच पिठूळ होतो, आणि आपण ज्वारीची भाकर खातो ती बहुतेक त्या थ्री एनचीच. भाकर खाताना पोरांना मी हेच विचारते, सांगा बरं तीन कुठून आले? दोन पोलर, एक बाहेरचा. झालं.

जेनेटिक्सवर मात्र मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण तो आपल्याकडे फक्त मार्कांचा विषय नाही. सिकलसेल, हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, विदर्भात कोणाला नवीन नाही, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, सगळीकडे पेशंट आहेत. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येते, एवढाच बदल, आणि त्याने लाल पेशी ऑक्सिजन कमी पडला का विळ्यासारखी वाकते. आई एएस, बाबा एएस, म्हणजे एक जीन चांगला आणि एक सिकलचा, दोघंही तब्येतीने ठीक, आणि पनेट स्क्वेअर, म्हणजे आईबापाचे जीन जुळवायचा चौकोन, मांडला तर चार घरं येतात, एक एए, दोन एएस म्हणजे वाहक, एक एसएस म्हणजे आजारी.

मागे माझ्या वर्गात एक पोरगी होती, तिच्या मोठ्या भावाला सिकलसेल. घरचे समजत होते का चारात एकाला होते ना, तो एक होऊन गेला, आता बाकीच्यांना काही होत नाही. तिने वर्गात उठून विचारलं, मॅडम हे खरं आहे का? नाही बाळा, खरं नाही. प्रत्येक बाळंतपणाला डाव नव्याने मांडला जातो, दर वेळी तेच पंचवीस टक्के, आधीच्या लेकराचा हिशोब पुढच्याला लागत नाही. मग आम्ही तिचंच गणित फळ्यावर केलं. तिला आजार नाही हे माहीत आहे, म्हणजे एसएसचं घर खोडलं, उरली तीन घरं, त्यातली दोन एएस, म्हणजे ती वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. साऱ्या वर्गाचा आवाज बंद झाला. ती तपासणी करून आली, एएस निघाली, तपासणीचं कार्ड जपून ठेवते, लग्नाआधी समोरच्याचंही कार्ड पाहीन म्हणते. पेपरात तुम्हाला थॅलेसेमिया विचारतील नाहीतर मटारचे उंच आणि बुटके, मांडणी हीच आहे, आधी आईबापाचे युग्मक लिहा, मग चौकोन, मग प्रमाण. युग्मक न लिहिता एकदम चौकोन काढणाऱ्यांचे मार्क तिथेच जातात.

बोंडअळीचं थोडक्यात सांगते. बीटी कपाशी बायोटेक्नॉलॉजीच्या धड्यात आहे, आपल्या देशात तिला 2002 मध्ये परवानगी मिळाली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचं क्राय जीन झाडात घातलं, अळीने पान खाल्लं का तिच्या अल्कली आतड्यात त्या जीनने बनवलेलं विषारी प्रथिन सुरू होते आणि आतड्याला भोकं पाडते. मग गुलाबी बोंडअळी पुन्हा कशी आली? ज्या थोड्या अळ्या त्या विषाला पुरून उरल्या त्याच वाचल्या, त्यांचीच पिल्लं वाढली, हे नॅचरल सिलेक्शन आहे, इव्होल्यूशनच्या धड्यातलं, आपल्या धुऱ्याच्या आत घडलेलं. पाकिटासोबत जे नॉन बीटीचं छोटं पाकीट यायचं आणि आपण फेकून द्यायचो, ते याच्यासाठीच होतं, विष न पचवणाऱ्या अळ्याही जिवंत राहाव्या आणि विष पचवणाऱ्यांशी त्यांची जोडी व्हावी म्हणून. आणि फरदड, म्हणजे वेचणीनंतरही उभी ठेवलेली कपाशी, ठेवू नका असं जे सांगतात, त्याचं कारणही हेच, अळीला वर्षभर खायला मिळू नये.

आता पेपरचं. लेखी सत्तर मार्क, प्रॅक्टिकल तीस, वेळ तीन तास. दहा मार्कांचे पर्याय, आठ मार्कांचे एका वाक्याचे, मग दोन मार्कांचे बारापैकी आठ, तीन मार्कांचे बारापैकी आठ, चार मार्कांचे पाचपैकी तीन. पर्यायांमध्ये पहिलं लिहिलेलं उत्तरच धरतात, खोडून दुसऱ्यांदा लिहिलं तर उपयोग नाही, म्हणून आधी विचार, मग पेन. प्रत्येक सेक्शन नव्या पानावर. आकृती पेन्सिलनेच, नावाच्या रेघा स्केलने आडव्या, एकमेकींना न छेदणाऱ्या, सगळी नावं एका बाजूला. हृदय, कान, अँथरचा छेद, ओव्ह्यूल, रिफ्लेक्स आर्क, एवढ्या तरी रोज एक याप्रमाणे काढा, पुस्तक बंद करून, आणि मग उघडून चुकलेलं लाल पेनाने दुरुस्त करा. सालं लक्षात राहत नसतील तर जोड्या लावा, डीएनएची रचना आणि जीवसृष्टीच्या सुरुवातीबद्दलचा मिलरचा प्रयोग दोन्ही 1953 चे. प्रॅक्टिकलची जर्नल अजून अर्धी आहे ते पोरं मला माहीत आहेत, हे ऐकत असतील तर आजच बसा.

शेवटी थोडं आईबाबांशी. दादा, ताई, मला माहीत आहे कापसाची शेवटची वेचणी राहिली आहे, मजूर मिळून नाही राहिले, हरभरा पण सोंगणीला येईल. पण हा एक महिना पोरीला वेचणीला नेऊ नका, पोराला रात्रीच्या पाण्यावर एकट्याला पाठवू नका. लाईन गेली तर एक चार्जिंगचा बल्ब त्याच्या कोपऱ्यात ठेवा. आणि तो काय वाचून राहिला ते विचारा. त्याला म्हणा, मले समजावून सांग, आपल्या भाषेत सांग. तो अडखळेल, मग सांगेल, आणि कधी तुम्हीच त्याला म्हणाल, हे तं आपल्या वावरात असंच होते.

चला, बी भिजत टाका. नमस्कार.